शाळेतल्या कागदांमागचा कारखाना

आपलं मूल एकोडीच्या जिल्हा परिषद शाळेत असेल, किंवा आपण शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर काही कागद वर्षातून अनेकदा आपल्यासमोर येतात. भिंतीवरचं वेळापत्रक, हजेरीपट, निष्पत्तींचा तक्ता, प्रगतिपत्रक, आणि सप्टेंबर सरत आला की शिक्षकांच्या तोंडी येणारी संच मान्यता. पालकाला सहीला बोलावतात, पालक सही करतो आणि बांधीवर परततो. हे कागद आले कुठून, असेच का आहेत आणि त्यांत चूक कुठे होते, हे सहसा कुणी समजावून सांगत नाही.

त्यातल्या बऱ्याच कागदांचं मूळ फळ्याशी नसून कारखान्याशी आणि सरकारी खजिन्याशी आहे. कमी खर्चात, कमी वेळात, ठरल्या मापाचा जास्त माल काढायचा, या विचाराला कार्यक्षमता म्हणतात. गेल्या दीडशे वर्षांत तो शाळेत असा मुरला आहे की तो वेगळा ओळखूही येत नाही. मुलाच्या वाट्याला हे कागद ज्या क्रमाने येतात, साधारण त्याच क्रमाने पाहू.

इयत्ता

मूल सहा वर्षांचं झालं की पहिलीत, सातव्या वर्षी दुसरीत. याहून वेगळं काही असू शकतं असं आपल्याला वाटतही नाही. पण जुन्या पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. एक मूल धुळाक्षरं गिरवायचं, दुसरं पाढे म्हणायचं, तिसरं मोडी वाचायचं. ज्याचं झालं तो पुढे जायचा.

इयत्तांची शिडी सरकारी नियमात पक्की बसली ती १८६२ साली इंग्लंडात. सरकारी अनुदान वाढत चाललं होतं आणि त्या पैशाचं नेमकं काय होतं, हा प्रश्न शिक्षण खातं सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांना पडला होता. प्रश्न रास्तच होता. त्यांनी काढलेलं उत्तर असं: वाचन, लेखन आणि गणित यांच्या सहा पायऱ्या ठरवायच्या, दरवर्षी निरीक्षकाने येऊन प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यायची, आणि मूल ज्या विषयात नापास होईल त्या विषयाचे दोन शिलिंग आठ पेन्स शाळेच्या अनुदानातून कापायचे. ही ‘निकालावर अनुदान’ पद्धत.

पुढे काय झालं असेल याचा अंदाज आपल्याला येईल. शिक्षकांनी वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून घेतलं आणि मुलं निरीक्षकापुढे ते पाठ म्हणून ‘वाचू’ लागली. मॅथ्यू अर्नोल्ड हे नावाजलेले कवी पोटासाठी शाळानिरीक्षक होते. शिकवणं यांत्रिक झालं आहे, असं ते आपल्या अहवालांतून सांगत राहिले. शतक संपता संपता इंग्लंडने ही पद्धत सोडली. मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही ती लागू होती. १८८२ मध्ये नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे तिच्यावर बरीच चर्चा झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती इथेही मागे पडली. पायऱ्या मात्र राहिल्या.

यात अडतं ते छोट्या गावात. प्रत्येक इयत्तेला एक शिक्षक आणि एक खोली असेल, असं ही रचना गृहीत धरते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत मिळून ६० पर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोनच. पाच इयत्ता, दोन गुरुजी. एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसवून शिकवण्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. पुस्तकं, नियोजन, नोंदवह्या मात्र पाचही इयत्तांच्या वेगवेगळ्या.

आपण खिडकीतून डोकावलं की चौथीची मुलं नुसती लिहीत बसलेली दिसतात आणि आपण म्हणतो, ‘मास्तर शिकवतच नाहीत.’ तेव्हा ते बहुधा दुसरीला शिकवत असतात. शाळेत विचारायचं असेल तर असं विचारावं: दुसरीचा पाठ चालू असताना चौथीला काय दिलं होतं, आणि ते नंतर कुणी तपासलं? या एका प्रश्नावरून आपल्याला शाळेची घडी कळते.

वेळ

कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं आहे. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. शिक्षकाला आठवड्याला ४५ तास, त्यात तयारीचा वेळ धरलेला. शिकणं असं तासांत मोजायची सवय मुख्यतः विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत लागली. तिथल्या गॅरी या पोलादाच्या गावात विल्यम वर्ट या शाळाप्रमुखाने मुलांच्या तुकड्या पाडल्या. एक तुकडी वर्गात असताना दुसरी कार्यशाळेत किंवा मैदानावर, घंटा झाली की अदलाबदल. एकही खोली रिकामी राहता कामा नये, हा त्यामागचा हिशेब.

त्याआधीच, १८९७ मध्ये, जोसेफ मेयर राईस या डॉक्टरने ३३ हजारांच्या आसपास मुलांची शब्दलेखनाची परीक्षा घेतली होती. रोज १५ मिनिटं सराव करणारी आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घोकणारी मुलं निकालात जवळपास सारखीच निघाली. नुसते तास वाढवून शिकणं वाढत नाही, हे इतक्या लवकर मोजून झालं होतं. तरी आजही निकाल घसरला की पहिला उपाय ‘जादा तास’ हाच असतो.

झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या धानाच्या भागात, वेळेची अडचण आणखी वेगळी आहे. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या आणखी उशिरा उघडतात, एवढी सवलत आपल्याला आहे. पण शाळा सुरू होऊन वह्या-पुस्तकं लागेपर्यंत धानाची रोवणी येते. आई-बाप दिवसभर चिखलात, मग धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली घरी राहते. दिवाळीच्या मागेपुढे धानाची कापणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे निघायचं, आणि नेमके तेच परीक्षेचे दिवस.

हजेरीपटावर यातलं काहीच उमटत नाही. तिथे फक्त ‘गैरहजर’ असतं, किंवा कधीकधी शाळेची सरासरी सांभाळायला ‘हजर’ केलेलं असतं. दुसरी गोष्ट जास्त घातक, कारण त्यामुळे मुलाचं कुठलं शिक्षण बुडालं याचा मागच राहत नाही. आपल्याकडून एवढं करता येईल: रोवणीत मूल घरी राहिलं तर लपवू नये, गुरुजींना सांगून त्या आठवड्यात काय झालं ते मागून घ्यावं. आणि गुरुजींनीही खाडाखोड न करता खरं काय ते लिहावं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या कोसबाडला ‘कुरणशाळा’ चालवली होती. गुरं राखणारी मुलं जिथे असतील तिथे शाळाच जायची. ज्यांना शिकवायचं त्यांच्या दिवसाप्रमाणे वेळापत्रक लावता येतं, याचा तो महाराष्ट्रातला जुना पुरावा. सरकारी नियमांच्या चौकटीत तो कधीच नीट बसला नाही.

निष्पत्तींची यादी

आता जरा अवघड भागाकडे वळू, कारण आज शिक्षकांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो.

पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर अध्ययन निष्पत्तींचा तक्ता असतो. निष्पत्ती म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला जे करता आलं पाहिजे ते. प्रत्येकीला क्रमांक असतो. सुरुवातीला इयत्ता, मध्ये विषयाचा संकेतांक, शेवटी त्या निष्पत्तीचा अनुक्रमांक. गुरुजींच्या टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, तोच क्रमांक लिहावा लागतो.

या क्रमांकांची वंशावळ मजेदार आहे. १९११ मध्ये फ्रेडरिक टेलर यांचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं. बेथलेहेमच्या पोलाद कंपनीत कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टन वाहायचा. हातात घड्याळ घेऊन, कामाचे तुकडे पाडून, विश्रांती कधी आणि किती हे ठरवून आपण त्याच्याकडून ४७ टन वाहून घेतले, असं टेलर सांगत. या पुस्तकाची अमेरिकेत लाट आली.

दोनच वर्षांनी शिकागो विद्यापीठातले फ्रँकलिन बॉबिट यांनी ते शाळेला लावलं. पोलादाच्या कारखान्याला रूळ कसा हवा हे रेल्वे सांगते, तसं शाळेतून कसा माणूस हवा हे समाजाने मापात सांगावं आणि शाळेने त्या मापाचा काढावा, असं त्यांचं म्हणणं. १९१८ मध्ये त्यांनी अभ्यासक्रमावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. मोठी माणसं आयुष्यात काय काय करतात त्याची यादी करा, तिचे बारीक तुकडे पाडा, तोच अभ्यासक्रम, ही त्यांची पद्धत. १९२४ च्या पुस्तकात या याद्या शेकड्यांनी आहेत. पुढे बॉबिट यांचंच मन बदललं आणि शिक्षण म्हणजे मुलाचं आजचं जगणं, असं ते म्हणू लागले. तोवर यादी त्यांच्या हातून निसटली होती.

यादीचा पुढचा प्रवास थोडक्यात असा. १९४९ मध्ये राल्फ टायलर यांनी तिला नीट चार प्रश्नांत बसवलं. १९५६ मध्ये त्यांचे शिष्य बेंजामिन ब्लूम यांनी उद्दिष्टांची उतरंड लावली. ब्लूम लवकरच भारतातही आले आणि परीक्षा सुधारण्यासाठी त्यांनी इथल्या शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या. डी.एड. झालेल्या कुणाही गुरुजींना ‘ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य’ विचारून पाहा, झोपेतही सांगतील. प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता, म्हणजे कुठल्या उद्दिष्टाला किती गुण याचा आराखडा, तिथूनच आला. १९९१ मध्ये केंद्राने ‘किमान अध्ययन क्षमता’ आणल्या, नव्वदच्या दशकात आपला प्राथमिक अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झाला, आणि २०१७ पासून अध्ययन निष्पत्ती. नाव दर वेळी नवं असतं, यादी तीच असते.

यादी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिसरीच्या मुलीला हातच्याची वजाबाकी यायला हवी हे पालकाला आधी कळलेलं बरंच. गडबड पुढे होते. दहा तुकडे वेगवेगळे आले म्हणजे अख्खी गोष्ट आली, असं धरलं जातं. हातच्याची वजाबाकी वहीत बरोबर करणारं मूल दुकानात शंभराच्या नोटेतून किती परत आले हे सांगताना अडखळतं, आणि निष्पत्तीपुढे तर बरोबरची खूण असते. घरी तपासायचं असेल तर वही बघू नका. मुलाला सोसायटीत धान विकल्याची पावती द्या आणि वजन, दर, रक्कम जुळते का ते विचारा.

वर्ध्याची वेगळी वाट

आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर, वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी एक शिक्षण परिषद भरली होती. अध्यक्ष गांधीजी. आपला भंडारा जिल्हा तेव्हा वर्ध्यासारखाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि मध्यभागी एक हस्तोद्योग, असा नई तालीमचा विचार तिथे मांडला गेला. तपशील ठरवायला झाकीर हुसेन यांची समिती नेमली. तिच्यात विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा ही मंडळी होती.

कारखानी शाळेला हे सरळ आव्हान होतं. पण समितीने सुचवलेलं वेळापत्रक पाहिलं की थबकायला होतं: रोजच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटं मूलोद्योग (म्हणजे तो हस्तोद्योग), ४० मिनिटं मातृभाषा, ४० मिनिटं संगीत, चित्रकला आणि गणित, अर्धा तास समाजशास्त्र व सामान्य विज्ञान, १० मिनिटं व्यायाम, १० मिनिटं सुट्टी. मुलांच्या कामातून शिक्षकाचा पगार निघावा अशी गांधीजींची अपेक्षा होती, त्यामुळे उत्पादनाचा हिशेब आलाच.

समितीला हा धोका दिसत होता. शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यामागे लागतील आणि शिकवणं बाजूला पडेल, असा इशारा तिने आपल्याच अहवालात दिला आहे. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. आपल्याच योजनेत माप कुठे घात करील हे आधी लिहून ठेवणारे अहवाल विरळा.

गळती

मोजणं मुलाच्या बाजूने कसं करता येतं, हेही पाहू. हे काम मराठी माणसांनी केलं आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. कार्यक्षमतेचं वारं तेव्हा तिथे जोरात होतं, आणि मुलाच्या अनुभवातून शिक्षण उभं राहावं असं मानणारे जॉन ड्युई त्यांचे प्राध्यापक होते. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी हिशेब मांडला: प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांत जमा होतात. म्हणून, त्यांचं म्हणणं होतं, खर्च वाढवा. शाळेत आलेलं प्रत्येक मूल कायमचं साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे.

दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, हार्टोग समितीने याच दुखण्याला नावं दिली: अपव्यय आणि स्थगिती. अपव्यय म्हणजे प्राथमिक शिक्षण पुरं व्हायच्या आत मूल शाळेतून जाणं, ज्याला आपण आज गळती म्हणतो. स्थगिती म्हणजे एकाच इयत्तेत वर्षानुवर्षं अडकणं. आकडे जवळपास तेच होते, निष्कर्ष मात्र उलटा निघाला. आधी विस्तार आवरा, आहेत त्या शाळा नीट करा, असा समितीचा रोख होता. एकाच आकड्यावरून बाबासाहेब जास्त पैसा मागत होते आणि समिती हात आखडता घ्यायला सांगत होती.

स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर हे अर्थशास्त्रज्ञ सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांच्या मागे लागले. त्यांच्या दोन पाहण्यांचा अहवाल १९५५ मध्ये आला. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक कोठारी शिक्षण आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव होते. त्यांनी तर मुळावरच बोट ठेवलं. सहाव्या वर्षीच आत यायचं, दरवर्षी एकच पायरी चढायची, दिवसभर बसायचं, हे न जमणारं मूल बाहेर फेकलं जातं आणि मग आपण त्याला ‘गळती’ म्हणतो. नाईकांचं म्हणणं होतं की मोठ्या वयातही आत येता यावं, आणि काम करणाऱ्या मुलांसाठी अर्धवेळ वर्ग असावेत.

गळतीचा आकडा ऐकला की गळालेली मुलं कोण, त्यांची नावं काय, ती आता कुठल्या कामावर आहेत, हे विचारावं. एकोडीएवढ्या गावात ती नावं दहा मिनिटांत सांगता येतात.

प्रगतिपत्रक आणि घड्याळ

ऑगस्ट २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्याचे दोन भाग: शिकता शिकता केलेलं आकारिक आणि सत्राच्या शेवटी केलेलं संकलित. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प अशी साधनं आहेत. एका परीक्षेवर मुलाचं भवितव्य लटकू नये हा हेतू चांगला होता.

त्यात वर्णनात्मक नोंदी आहेत, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल गुरुजींनी शब्दांत लिहायचं. चाळीस मुलं, सात-आठ विषय, दोन सत्रं. गुणाकार आपणच करा. लवकरच बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग त्या मोबाईलवरून फिरू लागल्या. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य आपल्या मुलाच्या पत्रकावर असेल, तर ते शेजारच्या तालुक्यातही कुणाच्या तरी पत्रकावर आहे, असं धरून चाला. एकट्या गुरुजींना दोष देऊन उपयोग नाही. वेळ जितका दिला त्याच्या कितीतरी पट लिखाण मागितलं, की असंच होणार.

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. आणि २०२१ च्या निपुण भारत अभियानाने वाचनाला घड्याळ लावलं: दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, तिसरीच्या मुलाने किमान ६०. याला आधार आहे. अक्षर-अक्षर जुळवत वाचणारं मूल वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरतं. पण झाडीबोली किंवा गोंडी घरातून आलेल्या मुलाला पुस्तकी मराठीतले बरेच शब्द नवे असतात. ते थांबतं, विचार करतं, आणि घड्याळात मागे पडतं. दुसरं एखादं धडाधड वाचून ६० गाठतं आणि गोष्टीत काय झालं हे विचारलं की छताकडे बघतं.

घरी तपासण्याची रीत सोपी आहे. न वाचलेल्या गोष्टीचं एक पान मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, मग पुस्तक मिटून ‘काय झालं?’ विचारा. उत्तर घरच्या बोलीत आलं तरी चालेल. आपल्याला वाचता येत नसलं तरी ही तपासणी करता येते, कारण मुलाने वाचलेलं आपण ऐकलेलं असतंच. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीतही कार्यकर्ते घरी येऊन, आई-बापांसमोर मुलाला एक छोटा उतारा वाचायला देतात.

संच मान्यता

शेवटचा कागद सर्वांत रुक्ष आणि सर्वांत ताकदवान. पटावर किती मुलं, त्यावरून किती शिक्षकपदं, याची सरकारी मंजुरी म्हणजे संच मान्यता. शिक्षण हक्क कायद्याच्या मापाने पहिली ते पाचवीत ६० पर्यंत दोन, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार. एखाद-दोन मुलांच्या फरकाने शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याची बदली होते. ३० सप्टेंबरचा पट त्यासाठी धरतात म्हणून त्या महिन्यात शाळेत धावपळ.

हल्ली मोजताना मुलाचा आधार क्रमांक जुळलेला लागतो. चूक इथेच होते. जन्मदाखल्यावर एक जन्मतारीख, आधारवर दुसरी. शाळेत आडनाव एका तऱ्हेने लिहिलेलं, आधारवर दुसऱ्या. मूल रोज बाकावर बसतं, पोषण आहाराची खिचडी खातं, पण मोजणीत नसतं. जुलैतच शाळेतून नावाची नोंद घेऊन आधारशी ताडून पाहावी. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि सप्टेंबरच्या शेवटी धावून उपयोग नसतो.

या हिशेबालाही पूर्वज आहेत. १९१३ मध्ये न्यूटन या अमेरिकी शहराचे शाळाप्रमुख फ्रँक स्पॉल्डिंग यांनी एका डॉलरात कुठल्या विषयाचे किती विद्यार्थी-पाठ मिळतात हे काढलं. फ्रेंचचे २३.८, ग्रीकचे जेमतेम ५.९. मग त्यांनी ठरवलं की या भावाने ग्रीक यापुढे घ्यायची नाही. ग्रीक का शिकवावी, किंवा का शिकवू नये, हा प्रश्नच त्या हिशेबात नव्हता. रेमंड कॅलहन यांनी १९६२ मध्ये या काळाचा इतिहास लिहिला. त्यांना असं दिसलं की शाळाप्रमुखांनी हे पटल्यामुळे केलं त्यापेक्षा व्यापारी मंडळी आणि वर्तमानपत्रं यांच्या धाकाने केलं.

आपल्याकडे तोच भाव छोट्या शाळांना लागतो. २०१७ च्या अखेरीस राज्याने दहाहून कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत हलवायचं ठरवलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढे आला. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक होत्या. मोठ्या शाळेत इयत्तेला एक शिक्षक मिळतो, खेळायला सोबती मिळतात, हे खरं. पण सहा वर्षांच्या मुलीचा पावसाळ्यातला रस्ता, वाटेतला नाला आणि गाडी न आल्याचा दिवस हे खर्च शिक्षण खात्याच्या हिशेबात धरले जात नाहीत, ते घरावर पडतात. राज्याच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. आपल्या टोलीवरची किंवा शेजारच्या गावातली शाळा हलवायची भाषा सुरू झाली, तर हे अंतर चालत मोजून लेखी द्यावं.

हे लेखी द्यायची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. बैठकीत सहसा अहवाल वाचला जातो, चहा होतो, रजिस्टर फिरतं. पण शाळा विकास आराखडा करण्याचं काम याच समितीचं आहे. आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात पुढच्या वर्षांचा अंदाजे पट, लागणारे जादा शिक्षक, खोल्या आणि साहित्य हे सगळं लिहायचं असतं. रोवणीच्या आठवड्यात बुडालेला अभ्यास कसा भरून काढायचा, दोन गुरुजींना पाच इयत्तांसाठी काय मदत हवी, कुणाची नावं आधारशी जुळत नाहीत, हेही त्यातच घालता येतं. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, म्हणून हा विषय डिसेंबरच्या बैठकीतच काढावा आणि ठराव इतिवृत्तात उतरला आहे ना, हे सही करण्याआधी वाचून घ्यावं.